अडवून धरलेला काना

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, रस्त्याने कधी सरळ चालत नाहीत. पाटी दिसली की थांबतात. दवाखान्याची असो, न्हाव्याची असो, नाहीतर 'येथे वाहने उभी करू नयेत' अशी दटावणारी असो. आधी वाचतात, मग मान कलती करून अक्षरांची उंची मापतात आणि मग निकाल देतात. "'ये'ची मात्रा उडून चाललीये बघ." किंवा, "रंग चांगला आहे, पण माणूस घाईत होता." दहा मिनिटांच्या वाटेला आम्हाला अर्धा तास लागतो आणि भाजीची पिशवी मी चार वेळा या हातातून त्या हातात घेते.

वन्सं पाट्या रंगवतात. काम मूळ माझ्या सासऱ्यांचे. सासऱ्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा वन्सं सातवीत होत्या. अर्धवट राहिलेली एका शिंप्याची पाटी त्यांनी पुरी केली आणि कुठून हात बदलला ते खुद्द शिंप्यालाही कळले नाही. तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच. पुढे स्थळे यायची. मुलगी नाकीडोळी नीटस, पण नखांत रंग आणि अंगाला टर्पेंटाइनचा वास. एका बाईंनी विचारले, "लग्नानंतर हात स्वच्छ राहतील ना?" वन्सं म्हणाल्या, "हात असेच राहणार, तुम्ही दुसरी बघा." दोन्ही बाजूंनी तसेच झाले. त्यांनी दुसरी बघितली आणि वन्सं माहेरीच राहिल्या.

सासऱ्यांनी त्यांना एकच नियम शिकवला होता. कागदावर आहे तेच कापडावर. आपण अक्षरांचे हमाल, मजकुराचे मालक नाही. या नियमाने त्यांचा घात केला.

त्या दिवशीची माझी वही मी जपून ठेवली आहे, म्हणून शब्द न् शब्द सांगते. एकोणीस वर्षे झाली. आमच्या इथल्या कॉलेजात दर थंडीत तीन दिवसांचा हिवाळी महोत्सव असतो. मैदानात दुकाने, खेळ, गाणी, नाटके, आणि शेवटी कुणीतरी मोठे पाहुणे. त्या वर्षी पाहुणे म्हणून रंगभूमीवरचे एक नट यायचे होते. फाटकावरच्या कापडी फलकाचा मजकूर भाषा विभागाच्या सरांनी लिहून दिला. घाईतला कागद. त्यात लिहिले होते, 'प्रमुख पाहुण्यांचे हार्दिक स्वगत'. स्वागतातला काना राहून गेला होता. वन्संना शंका आली. त्या विचारायला गेल्या तर सर मान वर न करता म्हणाले, "बाई, तुम्ही रंग लावा. भाषा आम्ही बघतो." आणि कागद काढून घेतला.

वन्संनी कागदावर होते तसेच आठवून रंगवले. हार्दिक स्वगत. नट भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "माझं स्वगत ऐकायला एवढी गर्दी जमेल असं वाटलं नव्हतं." मैदान हसले. ठीक होते, हसण्यासारखेच होते. पण मग सर उठले. माइक हातात घेऊन म्हणाले, "माफ करा, आमच्या रंगारीण बाईंची शाळा जरा अर्धवट राहिली आहे." आता जे हसले ते वेगळे हसले. वन्सं तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला नाही की काही नाही. पदर सारखा केला आणि कार्यक्रम संपेपर्यंत समोर बघत बसल्या.

कॉलेजचे काम त्या दिवसापासून बंद झाले. गल्लीतली पोरे 'स्वगतबाई' म्हणून हाका मारायला लागली. खिळे-कुलपांच्या दुकानदाराने नवी पाटी सांगताना तीनदा बजावले, "नीट लिहाल ना हो बाई?" वडिलांच्या हाताखाली पंधरा वर्षे घोटलेल्या अक्षराला त्याने असे विचारावे! वन्सं महिनाभर घरात कुणाशी बोलल्या नाहीत. मग एके दिवशी जुन्या बाजारातून व्याकरणाचे पुस्तक घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. मी भाजी चिरत चिरत शब्द विचारायचे, त्या ह्रस्व की दीर्घ ते सांगायच्या. दोन वर्षांत अशी वेळ आली की वकीलसुद्धा नोटिशीचा मजकूर आधी वन्संना दाखवून घ्यायला लागले. आणि वन्संनी स्वतःचा एक नियम काढला. मजकुराच्या कागदाखाली गिऱ्हाइकाची सही हवी. सही नाही तर ब्रश भिजत नाही.

मी रोज सकाळी प्रार्थनेला बसते. देवा, सगळ्यांचे भले कर, असे म्हणायची सवय आहे. पण त्या 'सगळ्यां'त सर यायचे, आणि माझी जीभ अडायची. म्हणून मी 'बहुतेक सगळ्यांचे भले कर' असे म्हणायला लागले. देवाला खोटे सांगण्यापेक्षा ते बरे.

सरांचे मात्र भलेच झाले. विभागप्रमुख झाले, मग प्राचार्य झाले. ह्यांना वाटायचे, आपल्या बहिणीने ते सोडून द्यावे. "ताई, त्या माणसाला आठवतही नसेल." वन्सं म्हणायच्या, "म्हणूनच मला आठवायला लागतं. दोघांपैकी एकाला तरी हवं ना."

यंदा थंडीच्या सुरुवातीला एक मुलगी दाराशी आली. जाड भिंगांचा चष्मा, लाल मफलर, बोलताना तोंडातून वाफ. "मी महोत्सवाच्या समितीची प्रमुख," म्हणाली.

"मावशी, यंदा पन्नासावा महोत्सव आहे. छापील फलक नकोत असं आम्ही ठरवलंय. सगळ्या पाट्या हाताने रंगवलेल्या हव्यात. बाजारात ज्याला विचारलं त्याने तुमचंच नाव सांगितलं."

"मी त्या कॉलेजात पाय ठेवत नाही," वन्सं म्हणाल्या आणि वाटीतला रंग ढवळत राहिल्या.

"तुम्ही नका येऊ, आम्ही नेऊ ना! फक्त दुकानांच्या तीस पाट्या, आणि व्यासपीठामागचा एक मोठा पडदा. प्राचार्य सर निवृत्त होताहेत, त्यांचा सत्कार आहे."

ढवळायची काडी थांबली. "पडद्याचा मजकूर कोण देणार?"

मुलगी मफलरमध्ये हसली. "सत्कार आम्ही करणार, पण मजकूर सरच देणार. आमच्या भाषेवर त्यांचा विश्वास नाही. शिवाय पडदा कार्यक्रमाआधी कुणी बघायचा नाही, गुंडाळून टांगायचा आणि ऐन वेळी दोरी ओढून उघडायचा, अशी त्यांची आज्ञा आहे."

"घेते काम," वन्सं म्हणाल्या.

मुलगी गेल्यावर मी दार लावले. "वन्सं, तुम्ही मुद्दाम काही चुकीचं लिहिणार नाही ना?"

"मी कधी चुकीचं लिहिलंय गं?"

"मग काम कशाला घेतलंत?"

"वहिनी, तो माणूस काना गिळतो. वरची रेघ झपकन ओढतो आणि शेवटची उभी काठी राहून जाते. तेव्हा पाचसहा कागद आले होते त्यांचे, प्रत्येकात एखादा गिळलेला. बाकीचे उघड होते, ते मी भरले; पण 'स्वगत' हाही शब्दच, म्हणून तो एक विचारायला गेले. हाताची सवय अशी सुटत नाही. मी काही करणार नाही. मी फक्त वाट बघणार."

पंधरा दिवस आमचे घर म्हणजे रंगाचे दुकान झाले. 'गरम सूप', 'जुनी पुस्तके', 'भोपळ्याचे वजन ओळखा', 'हरवलेल्या वस्तू येथे मिळतील'. पाट्या वाळायला पलंगावर, जिन्यात, कपाटावर. ह्यांनी एकदा 'महिलांसाठी'वर पाय दिला आणि निळा मोजा घेऊन ऑफिसला गेले. मग एक बंद पाकीट आले. वन्संनी हात पुसले, कागद उघडला आणि टेबलावर माझ्यापुढे सरकवला.

सरांचेच अक्षर. लांब, डौलदार, उजवीकडे पळणारे. 'आमुचा थोर ज्ञानदात'.

मी दोनदा वाचले. दाता म्हणायचे होते, काना गिळला, दात झाला. आणि दातही असा चपखल बसलेला की 'आमुचा'लाही तक्रार नाही अन् 'थोर'लाही नाही. मी तोंडाला पदर लावला, तरी डोळ्यांतून पाणी आले. "वन्सं, म्हणजे सत्कार अक्कलदाढेचा!"

वन्सं हसल्या नाहीत. एकोणीस वर्षे दात धरून बसलेल्या बाईच्या हातात देवाने दातच आणून ठेवला होता, आणि त्या कागदाकडे अशा बघत होत्या की मलाच जरा भीती वाटली.

"त्यांना कळवायला हवं," मी म्हणाले. म्हणाले खरे, पण मनातून नको होते.

"कळवणार ना. सही तर घ्यायचीच आहे. एक संधी देणार. मोजून एक."

दुसऱ्या दिवशी दुपारी, कॉलेजात पाय न ठेवण्याचा पण वन्संनी सहीपुरता मोडला आणि आम्ही प्राचार्यांच्या खोलीत गेलो. मोठे टेबल, खिडकीतून ऊन, खुर्चीवर लोकरी शाल. सरांचे केस गेले होते, आवाज तोच होता. वन्संना त्यांनी ओळखले नाही. खुर्चीवर बसा म्हणाले नाहीत.

"काय आहे?"

"पडद्याच्या मजकुरावर सही हवी होती, सर. माझी पद्धत आहे. आणि सही करण्याआधी एकदा वाचून बघा. मोठ्याने वाचलंत तर जास्त बरं."

त्यांनी कागद पुढे ओढला, पेनाचे टोपण काढले. डोळे दुसऱ्याच फायलीवर. "बाई, चाळीस वर्षं भाषा शिकवतोय. तुम्ही रंग लावा, भाषा आमच्यावर सोडा."

आणि सही केली. खाली तारीखही घातली.

जिना उतरताना वन्संनी कठड्याला धरले. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"संपली संधी," त्या म्हणाल्या. मी जिन्यातच देवाचे नाव घेतले. कशासाठी घेतले ते मला माहीत आहे आणि त्यालाही.

पडदा त्यांनी तीन दिवस रंगवला. तसे अक्षर मी त्यांच्या हातचेही दुसरे पाहिले नाही. हातभर उंच, गडद तांबडे, कडेला बारीक सोनेरी रेघ. पण ओळ मधोमध नव्हती. उजवीकडे चार बोटे कापड जास्त सुटले होते. मी विचारले तर म्हणाल्या, "काना घालायला जागा नको का? मी काम अर्धवट सोडत नाही."

महोत्सवाला आम्ही तिघे गेलो. एकोणीस वर्षांनी वन्संनी महोत्सवाच्या मैदानात पाऊल टाकले. थंडी अशी की बोटांना चावत होती, पण ऊन स्वच्छ होते आणि मैदान नुसते गजबजले होते. मुलामुलींच्या टोप्या, मफलर, कुठे पेटी, कुठे ढोल. सगळीकडे वन्संची अक्षरे. लोक 'गरम सूप'खाली रांग लावून उभे होते. मी वन्संसाठी एक पेला आणला, फुंकर घालत आम्ही दोघी प्यायलो. ह्यांनी भोपळ्याचे वजन ओळखायला जाऊन सपशेल हार खाल्ली. पोत्यांची शर्यत झाली, त्यात एक जाडसर प्राध्यापक पहिले आले आणि मुलांनी त्यांना उचलून धरले. मी इतकी हसले की दुखायला लागले. वन्संसुद्धा रमल्या होत्या. मात्र त्यांच्या पिशवीत झाकण घट्ट लावलेली तांबड्या रंगाची डबी आणि ब्रश होता.

चार वाजता सत्कार. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. वन्संनीच ती रांग निवडली. पाहुण्या म्हणून एक वयस्कर गायिका आल्या होत्या, शाल गच्च लपेटून बसलेल्या. सर मधल्या खुर्चीत. मफलरवाल्या मुलीने दोरी ओढली, पडदा सरसर उलगडला.

क्षणभर टाळ्या. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने वाचले, "ज्ञान... दात?" आणि हसू मागच्या रांगांपर्यंत असे पळत गेले की शेवटची माणसे खुर्च्यांवर उभी राहिली. गायिकाबाईंनी शाल तोंडावर घेतली. सरांनी वळून पाहिले. त्यांचा चेहरा मी बघितला. लिहायला लाज वाटत नाही, मला फार बरे वाटले.

ते उठले आणि माइककडे गेले. माझ्या मनात आले, आता तरी माणूस शहाणपणाने 'राहून गेलं' म्हणेल आणि सुटेल. तसे ते म्हणाले असते तर वन्सं उठल्याच नसत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितले.

सर म्हणाले, "हातकाम करणाऱ्या लोकांचा अभ्यास तो किती असणार! आपण समजून घेऊ या."

वन्सं उठल्या. ह्यांनी "ताई, ताई" म्हणून हात धरायला बघितला, मी ह्यांचा हात धरला. वन्सं सावकाश पायऱ्या चढल्या. मुलीने दुसरा माइक त्यांच्या हातात दिला. का दिला, ते तिला विचारायला हवे.

"सर, हा कागद. ही सही कोणाची?"

"हे काय चाललंय?"

"सही कोणाची?"

"...माझी."

"आणि वरचं अक्षर? मोठ्याने वाचा ना. त्या दिवशी विनंती केली होती मी."

सरांनी चष्मा नाकावर ढकलला. "आमुचा थोर ज्ञानदा..."

"पुढे, सर."

"...त," सर म्हणाले.

जे हसू उठले त्याचे मी वर्णन करत नाही. ज्यांनी ऐकले त्यांनी ऐकले. सर वन्संच्या जवळ सरकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, पण माइक चालू होता, "बाई, झालं ते झालं. पाहुणे ताटकळलेत. ताबडतोब दुरुस्त करा."

"करते की. रंग घेऊन आलेय, जागाही सोडलीये. पण आधी तुमचा एक जुना काना राहिलाय, तो तुम्ही घाला."

"कोणता काना?"

"स्वागतातला. एकोणीस वर्षं झाली. याच मैदानात, याच माइकवर."

सरांनी वन्संकडे नीट पाहिले. त्या माणसाने आमच्या वन्संकडे पहिल्यांदा पाहिले असेल तर ते तेव्हा. आठवले त्यांना. आठवतच होते की काय, कोण जाणे.

"नंतर बोलू या आपण."

"मग पडदाही नंतर," वन्सं म्हणाल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

मागून एक मुलगा ओरडला, "काना घाला, सर!" मग सगळेच ओरडायला लागले. टाळीच्या ठेक्यावर, शेकडो पोरे. काना घाला! काना घाला! गायिकाबाईंनी खुर्चीत पुढे वाकून म्हटले, "घाला हो पटकन, थंडी वाजतेय."

सरांनी माइक धरला. "एकोणीस वर्षांपूर्वी," ते म्हणाले आणि थांबले. "फाटकावरच्या फलकात एक चूक झाली होती."

"झाली होती?"

"माझ्याकडून झाली होती. कागद माझा होता. बाईंनी येऊन विचारलंही होतं. मी... त्यांच्या शिक्षणाबद्दल बोललो, ते बोलायला नको होतं."

वन्संनी मान हलवली, हिशेब पटल्यासारखी नाही, पाटी वाचल्यावर हलवतात तशी. मुलीने शिडी आणून लावली. वन्सं वर चढल्या. डबी उघडली, ब्रश बुडवला, कडेला निथळला, पुन्हा बुडवला. एरवी या कामाला त्यांना श्वासभर वेळ लागतो. त्या दिवशी त्यांनी घाई केली नाही. सर खाली पडद्याकडे पाठ करून उभे, गायिकाबाई थंडीत, सगळे मैदान माना वर करून. आधी वरची रेघ वाढवली. मग वरून खाली एकच फटका. काठी अशी सरळ उतरली की ओळंबा लावून घ्यावा.

टाळ्या त्या कान्याला पडल्या. सत्काराचा हार मग सरांच्या गळ्यात पडला, पण तिकडे कुणाचे लक्ष नव्हते.

घरी येताना ह्यांचे तोंड उतरलेले. "ताई, जरा जास्तच झालं. निवृत्तीला आलेला माणूस."

"जास्त?" वन्सं म्हणाल्या. "मी त्यांच्या शाळेबद्दल एक शब्द तरी बोलले का?"

रात्री जेवताना मी विचारले, "मग आता माफ केलंत ना त्यांना?" वन्संनी मला वेड्यात काढल्यासारखे पाहिले आणि आमटी वाढायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रार्थनेला बसले, दुसऱ्याच्या फजितीत आनंद मानला म्हणून क्षमा मागावी असा विचार होता. 'ज्ञानदा... त' आठवले आणि हसू फुटले. पुन्हा बसले, पुन्हा तेच. शेवटी देवाला म्हटले, तू पाहिलेसच, मी काय वेगळे सांगणार, आणि उठले.

समारोपाच्या दिवशी वन्संनी मला दुपारीच तयार व्हायला सांगितले. त्या दिवशी सरांचे निरोपाचे भाषण होते. मी म्हटले, "आता कशाला? झालं की सगळं." त्या म्हणाल्या, "महोत्सव तीन दिवसांचा असतो. मी मधले अठरा बुडवलेत." या वेळी त्या पहिल्या रांगेत बसल्या, बरोबर माइकसमोर. काही बोलल्या नाहीत, हसल्या नाहीत, भाजलेले दाणे खात नुसत्या ऐकत राहिल्या. सर बोलायला लागले, चांगले बोलत होते. मग त्यांची नजर खाली गेली आणि पुढचा शब्द हरवला. सावरले. पुन्हा नजर गेली, पुन्हा हरवला. तिसऱ्या वेळी त्यांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागले.